दवबिंदू बियाण्यापासून: ४० कुंड्यांचा पहिला धडा



व्हिडिओत दवबिंदूचं रोप दाखवलं तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न एकच आला: "ताई, यात पैसा किती सुटतो?" उत्तर देणार आहे, आकड्यांसकट. पण आधी रोप समजून घेऊ. ज्याला रोप कळलं नाही, त्याचा हिशोब कागदावरच राहतो.

आपल्या रायगड किनाऱ्यावर वाडीचं गणित सगळ्यांना पाठ आहे. सुपारी लावली की पहिलं पीक दिसायला पाच-सात वर्षं जातात. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला नाव आहे, भाव आहे, पण थांबावं लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या कितीतरी वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. तेव्हापासून बरेच जण विचारतात, "घरात बसून, कमी जागेत, कमी पैशात, लवकर हाताशी येईल असं काही आहे का?"

दवबिंदू हे त्याचं एक छोटं उत्तर आहे. छोटं म्हणजे खरंच छोटं. हे सुपारीची जागा घेणार नाही, नोकरीचीही नाही. पण बी टाकल्यापासून चार-पाच महिन्यांत विकण्याजोगं रोप होतं आणि सगळा कारभार एका खिडकीत मावतो. धंदा शिकायला याच्याइतकी स्वस्त शाळा क्वचितच मिळेल.

हे रोप आहे तरी काय?

दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा. जगात याच्या दोनशेहून जास्त जाती आहेत, भारतात मुख्यतः तीन. पानांवर बारीक लालसर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. सकाळच्या उन्हात दवासारखे चमकतात, म्हणून हे नाव. चिलट, मुंगी त्याला चिकटते, केस तिच्यावर वाकतात, पान पाचक रस सोडतं आणि किड्यातला नायट्रोजन, फॉस्फरस शोषून घेतं. चार्ल्स डार्विनने या झाडांवर कित्येक वर्षं प्रयोग केले आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं.

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर आणि साताऱ्याच्या कास पठारावर पावसाळ्यात हे रोप उगवतं. तिथे माती कशी? खडकावर बोटभर थर, तोही सततच्या पावसाने धुतलेला. खत म्हणावं असं काही शिल्लकच नाही. म्हणून या झाडाने पोट भरायची दुसरी वाट काढली.

आता हे वाक्य वहीत लिहून ठेवा: हे रोप गरिबीत वाढतं, जास्त दिलं की मरतं. खत जास्त, क्षार जास्त, खाऊ जास्त, प्रत्येक गोष्टीने मरतं. आणि पुढे बघाल, धंद्याचंही तसंच आहे.

कोणती जात घ्यायची?

सुरुवातीला एकच जात घ्या: ड्रोसेरा बर्मानी. आपल्याकडचीच आहे, उष्ण दमट हवा तिला चालते, बियाला थंडीत ठेवावं लागत नाही. पानांची गोल चकती जमिनीला टेकून बसते, साधारण दोन-तीन सेंटिमीटरची. कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात, त्यामुळे बघणारा माणूस थांबतोच. फुलं स्वतःच्याच परागाने बी धरतात. म्हणजे एकच रोप असलं तरी बी मिळतं.

हिचा एक स्वभाव मात्र आहे: ती अल्पायुषी आहे. फुलते, बी देते, आणि बहुतेक वेळा वर्षाच्या आत संपते. हा दोष लपवायचा नाही. तो विकायचा कसा, ते पुढे सांगते.

ड्रोसेरा स्पॅटुलाटा ही चमच्यासारख्या पानांची जात दुसऱ्या वर्षी घ्या, ती बहुवर्षायू आहे. ड्रोसेरा कॅपेन्सिस दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली. परदेशातले लोक नवशिक्यांना हीच सुचवतात, पण आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात तिचे हाल होतात. ड्रोसेरा इंडिका, म्हणजे गवती दवबिंदू, दिसायला सुंदर, पण जागेवरून हलवलेली तिला आवडत नाही. आणि थंड देशातल्या ज्या जातींचं बी कित्येक आठवडे फ्रिजमध्ये ओलं ठेवावं लागतं, त्यांच्या नादी लागूच नका.

बी कुठून आणायचं?

आधी कुठून आणायचं नाही ते ऐका. सड्यावरून रोप उपटायचं नाही. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, आणि वनजमिनीवरून रोपं काढणं गुन्हा आहे. रानातल्या जैविक मालाचा धंदा करायचा तर २००२ चा जैवविविधता कायदाही लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार बघा. सड्यावर फुललेलं रोप तुम्हाला दिसतं तेव्हा त्याचं आयुष्य थोडंच उरलेलं असतं. उपटताना बारीक मुळं तुटतात. गिऱ्हाइकाच्या घरी ते दहा दिवसांत मरणार आणि सड्यावर पुढच्या वर्षीचं बी पडणार नाही. दोन्हीकडे नुकसान.

परदेशातून पाकिटाने बी मागवायचं असेल तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. "कोण बघतंय" म्हणून धंद्याची सुरुवात करू नका.

मग उरतं काय? भारतात स्वतः रोपं वाढवणाऱ्या माणसाकडून बी घेणं. त्याला तीन गोष्टी विचारा: बी कोणत्या महिन्यात काढलं, मूळ रोपाचा फोटो आहे का, आणि ठेवलं कुठे होतं. दवबिंदूचं बी बारीक काळ्या भुकटीसारखं असतं. कोणी मोहरीएवढे गोल दाणे दिले किंवा "निळा दवबिंदू", "इंद्रधनुषी दवबिंदू" असे फोटो दाखवले, तर पैसे खिशात ठेवा आणि घरी या.

पाणी: इथेच निम्मे लोक हरतात

माझी पहिली खेप विहिरीच्या पाण्याने गेली. आमच्या विहिरीचं पाणी पिण्याला गोड लागतं, त्यामुळे शंकाच आली नाही. रोपं उगवली, महिनाभर छान दिसली, मग पानांवरचे थेंब गेले, कडा काळ्या पडल्या आणि दोन आठवड्यांत सगळं संपलं. नंतर टीडीएस मीटर आणून मोजलं तर आकडा चारशेच्या वर. माणसाला ते चालतं. या रोपाला पन्नासच्या आत लागतं.

किनाऱ्यावर हा धोका जास्त, कारण विहिरी आणि बोअरमध्ये क्षार असतातच. घरच्या आरओचं पाणीही डोळे मिटून घालू नका, बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. मीटरने मोजा. मीटर ही तुमची पहिली खरेदी.

सगळ्यात चांगलं पाणी आपल्याकडे आभाळातून फुकट पडतं. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोन बाय तीन मीटरची स्वच्छ ताडपत्री ताणली तर सहा चौरस मीटर झाले. शंभर मिलिमीटर पावसाच्या दिवशी त्यावर सहाशे लिटर पडतं. आपल्याकडे जुलैत असे दिवस येतात. सांडलं-उडालं धरूनही दोनशे लिटरचा ड्रम एका दिवसात भरतो.

किती पाणी लागेल? ४० कुंड्यांना रोज साधारण एक लिटर धरा. ऑक्टोबर ते मे म्हणजे सुमारे २४० दिवस, २४० लिटर. म्हणजे एक ड्रम आणि वर दोन-तीन कॅन. पहिल्या दोन-चार सरी वाहून जाऊ द्या, धूळ आणि खारट वाऱ्याचं मीठ धुऊन जातं. सिमेंटच्या पत्र्यावरून पाणी घेऊ नका, त्यातून चुना उतरतो. ड्रम झाकलेला आणि अंधारात ठेवा, नाहीतर शेवाळ आणि डास दोन्ही होतील.

मिश्रण आणि कुंडी

दोन भाग पीट मॉस, एक भाग परलाइट. पीट मॉसच्या पिशवीवर "खत मिसळलेलं" असं असेल तर परत करा. बागेची माती, शेणखत, गांडूळखत, काही नको.

किनाऱ्यावरच्या माणसाला दोन मोह होतात. पहिला, समुद्राची वाळू. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुनाही, दोन्ही या रोपाला विष. दुसरा, कोकोपीट. नारळ घरचाच, म्हणून हात तिकडे जातो. पण त्यात क्षार असतात. वापरायचंच असेल तर पावसाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन, निथळलेलं पाणी मीटरने मोजून, दोन-चार कुंड्यांवरच प्रयोग करा.

कुंडी प्लॅस्टिकची, तीन इंची, खाली भोकं असलेली. मातीची कुंडी नको, तिच्यातून क्षार उतरतात आणि पाणीही लवकर उडतं.

पेरणी

मुहूर्त सांगते: गणपती उठले की. तेव्हा पावसाचा जोर ओसरायला लागतो, ऊन परत येतं आणि ड्रम भरलेला असतो. भर जुलैत पेरलंत तर उघड्यावर बी वाहून जातं आणि घरात बुरशी धरते.

१. मिश्रण पावसाच्या पाण्यात भिजवा. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब पडले पाहिजेत. चार कुंड्या भरा.

२. कोरा कागद मधोमध दुमडा, बी त्या घडीत घ्या आणि टिचकी मारत भुरभुरा. चिमटीने टाकलंत तर सगळं एकाच जागी पडेल.

३. बी मातीने झाकू नका. त्याला उगवायला उजेड लागतो. वरून पाणीही ओतू नका.

४. कुंड्या ट्रेमध्ये ठेवा, ट्रेमध्ये एक-दोन सेंटिमीटर पाणी. वर मिठाईचा पारदर्शक डबा पालथा घाला.

५. भरपूर उजेडाच्या खिडकीत ठेवा, पण डबा असेपर्यंत दुपारचं थेट ऊन नको. आत रोपं शिजतात.

६. कुंडीवर तारीख आणि जात लिहा. आज लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतील, कधी सहा आठवडेही लागतात. टाचणीच्या टोकाएवढे असतात, भिंग घेऊन बघा. वीस दिवसांत काही दिसलं नाही म्हणून कुंडी फेकू नका. बुरशीचा पांढरा कापूस दिसला तर डबा रोज थोडा वेळ उघडा ठेवा.

ठिपक्यापासून रोपापर्यंत

तीन-चार पानं झाली की ओल्या काडीच्या टोकाने, मुळाभोवतीच्या मिश्रणासकट उचलून, एकेका कुंडीत एकेक रोप लावा. आता ४० कुंड्या झाल्या. डबा एकदम काढू नका. आठ-दहा दिवस रोज थोडा जास्त वेळ उघडा ठेवा. त्यानंतर सकाळचं चार-पाच तास ऊन द्या. एप्रिल-मे मध्ये दुपारी हिरवी जाळी लागेल.

रोपाची तब्येत थेंबांवरून कळते. थेंब चमकतायत म्हणजे बरं चाललंय. थेंब गेले तर या क्रमाने तपासा: पाण्याचा टीडीएस, मग ऊन, मग खारा वारा. समुद्राकडे तोंड असलेल्या गच्चीवर रोपं उघडी ठेवू नका, पानांवर मीठ बसतं.

खाऊ घालायचाच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा, माशांच्या टाकीत टाकतात त्या खाद्याची चिमटीभर पूड ओली करून एक-दोन पानांवर. घरातलं सुकट नको, त्यात मीठ असू शकतं. आणि जास्त घातलंत तर पान कुजतं.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. कीटक खाणारं रोप आणि त्याच्याच ट्रेमध्ये डासांच्या अळ्या, हे मी पाहिलंय. हे रोप घरातले डास संपवत नाही. दर आठवड्याला ट्रे रिकामा करून पुसा आणि ताजं पाणी भरा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

फुलं येऊन गेली की बोंडं तपकिरी-काळी होतात. ती कागदावर झटका. बी कागदी पाकिटात, पाकीट घट्ट झाकणाच्या बाटलीत, बाटली फ्रिजमध्ये. पुढच्या खेपेचं भांडवल तयार.

आता पैसा

हे आकडे समजण्यासाठी आहेत. तुमच्या बाजारात भाव विचारून स्वतःचे घाला.

*पहिली खेप.* एकदाच होणारा खर्च (मीटर, ड्रम, ताडपत्री): २,००० रुपये. खेपेचा खर्च (बी, मिश्रण, कुंड्या, ट्रे): १,६०० रुपये. ४० पैकी २४ रोपं जगली असं धरा. त्यातली ६ बियाण्यासाठी ठेवली, १८ विकली, प्रत्येकी १५० रुपयांना. आले २,७००. खेपेचा खर्च वजा जाता १,१०० उरले.

आता तुमचा वेळ मोजा. रोज पंधरा मिनिटं, १५० दिवस, म्हणजे साडेसदतीस तास. तासाला साधारण २९ रुपये पडले. आणि ते दोन हजार अजून वसूल झालेच नाहीत.

*दुसरी खेप.* बी घरचं, खर्च १,००० रुपये. हात बसला म्हणून ३४ जगली, ६ ठेवली, २८ विकली. आले ४,२००, उरले ३,२००. तासाला सुमारे ८५ रुपये. दोन्ही खेपा मिळून ४,३०० उरले, त्यातून सुरुवातीचे २,००० वजा केले की हातात २,३००.

दीड वर्षाच्या आसपास काम करून २,३०० रुपये! कोणी तुम्हाला "घरबसल्या महिना पन्नास हजार" सांगत असेल तर हा कागद त्याच्यासमोर ठेवा. पण यातली कमाई नीट बघा. ४० कुंड्यांच्या १२० केल्या तर वेळ तिप्पट होत नाही, बी विकत लागत नाही, आणि रोपं का मरतात ते तुम्हाला कळलेलं असतं. हे ज्ञान तुम्ही ३,६०० रुपयांच्या धोक्यात मिळवलं. हेच पन्नास हजारांचं कर्ज काढून, शेडनेट उभारून, चारशे रोपं आणून केलं असतं आणि विहिरीचं पाणी घातलं असतं तर? म्हणून म्हटलं, जास्त दिलं की मरतं. पहिल्या दोन खेपांना कर्ज नाही. उसनवारीही नाही.

विकायचं कसं?

गिऱ्हाईक आपल्या दारात येतं. अलिबाग, नागाव, काशीदला शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची कुटुंबं असतात. मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट येते, लोक गाडीसकट उतरतात आणि जाताना काहीतरी घेऊन जातात. ओळखीच्या होमस्टेवाल्याकडे नमुन्याचं एक रोप ठेवा. शाळाही बघा, मुलांना विज्ञानात कीटकभक्षी वनस्पती असतात, पण बहुतेकांनी त्या चित्रातच पाहिलेल्या असतात.

आता तो अल्पायुषी स्वभाव. गिऱ्हाइकाला आधीच सांगा: "हे रोप काही महिन्यांचं आहे. फुलेल, बी देईल आणि जाईल." मग कुंडीसोबत छोट्या पाकिटात बी आणि एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीत चार ओळी पुरेत:

- फक्त पावसाचं किंवा पन्नासच्या आतल्या टीडीएसचं पाणी.
- खत कधीही नाही.
- सकाळचं ऊन.
- रोप संपलं तर याच कुंडीत हे बी भुरभुरा, झाकू नका.

ज्याला हे न सांगता रोप विकाल तो म्हणेल, "फसवलं." ज्याला सांगून विकाल तो पुढच्या वर्षी स्वतः उगवलेल्या रोपाचा फोटो पाठवेल आणि मावशीसाठी दुसरं मागेल. तुमच्याकडून तो रोप जगवायची रीत घेऊन जातो, कुंडी सोबत जाते इतकंच. पेणचे गणपती कारखानदार वर्षभर राबून एका मोसमात माल विकतात, आणि पुढच्या वर्षी तीच घरं परत येतात ती भरवशावर. आपलंही तसंच.

आणि एक नियम: ज्या रीतीने तुमच्याकडे एक पूर्ण खेप बियापासून बियापर्यंत गेली नाही, ती रीत चिठ्ठीवर लिहू नका.

गृहपाठ

१. घरातल्या सगळ्या पाण्यांचा टीडीएस मोजा: विहीर, नळ, आरओ, पाऊस. वहीत लिहा.

२. कोणत्या खिडकीत सकाळचं ऊन किती तास येतं, तीन दिवस बघा.

३. जवळच्या तीन नर्सरीत जाऊन छोट्या, वेगळ्या रोपांचे भाव विचारा. माझे १५० खोडा आणि तुमचा आकडा घाला.

हे तिन्ही झाल्याशिवाय बी मागवू नका. पाणी आणि ऊन जमत नसेल तर हा धंदा तुमच्यासाठी नाही, आणि ते फक्त मीटरच्या किमतीत कळलं तर तोही फायदाच.

पुढच्या व्हिडिओत ठिपक्याएवढी रोपं काडीने कशी उचलायची ते प्रत्यक्ष दाखवते. तोपर्यंत ताडपत्री धुऊन ठेवा.